गोचीडजन्य ज्वर : निदान, चिकित्सा व प्रतिबंध

प्रस्तावना

आयुर्वेदाने ज्वराला सर्व व्याधींमध्ये अग्रस्थान दिले आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानाचा आरंभच ज्वरनिदानाने होतो. जळगाव व धुळे जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या आपणां सर्वांचाही सर्वाधिक संबंध ज्वराच्याच रुग्णांशी येतो. पावसाळ्यात व त्यानंतर हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या व आंत्रिक ज्वर ही चार नावे आपल्या मनात तत्काळ उभी राहतात आणि बहुतेक वेळा निदान यांपैकीच एक ठरते. परंतु काही रुग्ण या चारही चौकटींत बसत नाहीत. रक्तात हिवतापाचे जंतू सापडत नाहीत, विडाल चाचणी संदिग्ध येते, आंत्रिक ज्वर समजून दिलेली प्रतिजैविके चार-पाच दिवसांनंतरही निष्प्रभ ठरतात आणि तेवढ्यात तळहातांवर व तळपायांवर लाल ठिपके उमटतात. अशा रुग्णांमध्ये गोचीडजन्य ज्वराचा विचार झाला पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

हा विचार वेळीच झाला तर अत्यंत स्वस्त व सर्वत्र मिळणाऱ्या औषधाने रुग्ण दोन-तीन दिवसांत ज्वरमुक्त होऊ लागतो. तो उशिरा झाला तर हाच व्याधी बालकाची बोटे काळी पाडतो, वृक्क, फुप्फुस व मेंदूवर आघात करतो आणि प्रसंगी प्राणही घेतो. येथे कालाला औषधाइतकेच महत्त्व आहे.

एका शब्दाविषयी खुलासा

आपल्या शेतकरी समाजात ‘गोचीड ताप’ हा शब्द रूढ आहे, पण तो जनावरांच्या रोगासाठी. थायलेरिया व बबेसिया या रक्तातील एकपेशीय परजीवींमुळे गाई-म्हशींना होणाऱ्या तापाला पशुपालक व पशुवैद्यक हे नाव देतात. हे परजीवी जिवाणू नव्हेत आणि आपण ज्या मानवी ज्वराविषयी बोलत आहोत त्याचे ते कारणही नव्हेत. त्यामुळे रुग्णाचा पिता ‘आमच्या गुरांना गोचीड ताप नाही’ असे म्हणाला तरी त्यावरून काहीही निष्कर्ष काढू नये. प्रश्न जनावराच्या आजाराचा नसून गोचिडीच्या संपर्काचा आहे.

व्याधिकारक जंतू

गोचिडींमधून पसरणाऱ्या जिवाणूंपैकी मानवाच्या दृष्टीने आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा गट रिकेट्सियाचा. हे अतिसूक्ष्म जिवाणू केवळ जिवंत पेशीच्या आतच वाढू शकतात, म्हणून नेहमीच्या रक्तसंवर्धन चाचणीत ते उगवत नाहीत. अमेरिकेतील मोंटाना प्रांतात डोंगरी ठिपक्यांच्या ज्वराचा अभ्यास करताना हॉवर्ड टेलर रिकेट्स यांनी १९०६ मध्ये हा रोग गोचिडीमुळे पसरतो हे सिद्ध केले. पुढे १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसचा अभ्यास करीत असताना त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. जंतूंच्या या गटाला त्यांचेच नाव देण्यात आले.

भारतात मेगॉ यांनी १९२१ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये गोचिडीमुळे होत असावा अशा टायफससदृश ज्वराविषयी लिहिले. या रोगाला ‘भारतीय गोचीड टायफस’ म्हणतात व त्याचा जंतू रिकेट्सिया कोनोराय हा होय. महाराष्ट्रापुरते पाहता, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील पद्बिद्री व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेट्सिया रोगांवरील अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या अधिक निकटचे उदाहरण अकोल्याचे आहे. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी व सहकाऱ्यांनी बालकांतील ठिपक्यांच्या ज्वराचे लवकर निदान व्हावे यासाठी लक्षणे व साध्या प्रयोगशालेय चाचण्यांवर आधारलेली गुणांकन पद्धती २०११ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये मांडली. भुसावळच्या पुढे बुलढाणा जिल्हा ओलांडला की अकोला येते. कापूस, गुरे, कुत्री व उन्हाळा दोन्हीकडे सारखाच. अकोल्याच्या बालकांत आढळणारा ज्वर खानदेशात नसेल असे मानण्यास आधार नाही.

रिकेट्सियाखेरीज इतरही जिवाणू गोचिडींमध्ये राहतात. कुत्र्यांतील एर्लिकिया कॅनिस व गुरांतील अॅनाप्लाझ्मा मार्जिनेल हे प्रामुख्याने पशुरोगाचे जंतू होत. क्यू ज्वराचा कॉक्सिएला बर्नेटाय हा जंतूही गोचिडींमध्ये आढळतो, परंतु मानवाला त्याची बाधा मुख्यतः शेळ्या-मेंढ्या-गाईंच्या वारेतून, गर्भजलातून व त्यांनी दूषित झालेल्या धुळीतून श्वासावाटे होते. साक्री परिसरातील ठेलारी मेंढपाळ अथवा शेळीपालन करणारी कुटुंबे यांच्यातील दीर्घकालीन ज्वरात जनावराच्या प्रसूतीशी संपर्क आला होता का, हे विचारणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

वाहक व प्रसार

गोचीड हा कीटक नसून कोळ्याच्या वर्गातील अष्टपाद प्राणी आहे. अंडे, सहा पायांची डिंभावस्था, आठ पायांची अर्भकावस्था व प्रौढावस्था असे तिचे चार टप्पे. भारतीय गोचीड टायफसची प्रमुख वाहक म्हणजे कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. ती प्रत्येक टप्प्यावर रक्त पिऊन खाली पडते, कात टाकते आणि पुन्हा नवा आश्रय शोधते. पोट भरलेली मादी भिंतीच्या भेगेत, फरशीच्या फटीत किंवा कुत्र्याच्या बसण्याच्या जागी काही हजारांपर्यंत अंडी घालते व मरते. अन्नावाचून ही गोचीड कित्येक महिने तग धरू शकते.

प्रसाराच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, रिकेट्सिया हे गोचिडीच्या एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जातात आणि मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरतात. म्हणजे गोचीड ही नुसती वाहक नसून जंतूचे निवासस्थानच आहे. एक आजारी कुत्रा हलविल्याने घरातील धोका संपत नाही. दुसरी, दंशाशिवायही बाधा संभवते. कुत्र्याच्या अंगावरील गोचिडी नखाने चिरडल्यास त्यातील द्रव त्वचेच्या ओरखड्यातून किंवा तोच हात डोळ्याला लागल्यास नेत्रावाटे शरीरात जाऊ शकतो. आपल्याकडे हे काम बहुधा मुलेच करतात.

दंश वेदनारहित असतो. डिंभावस्थेतील गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असल्याने ती दिसतही नाही. ‘गोचीड चावली का?’ या प्रश्नाला रुग्ण बहुधा ‘नाही’ असे म्हणतो. त्यामुळे तो प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा : घरी वा शेजारी कुत्रा आहे काय, गोठा घराला लागून आहे काय, मूल जनावरांजवळ खेळते वा झोपते काय, मळ्यात सालदाराचे कुटुंब राहते काय, गेल्या पंधरा दिवसांत निंदणी, चारा कापणे किंवा सातपुड्याच्या जंगलात गुरे चारणे झाले काय.

खानदेशातील उन्हाळ्याचाही येथे विचार करावा लागतो. दक्षिण फ्रान्समध्ये २००७ सालच्या उष्ण एप्रिलनंतर तेथील संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखविले की उष्णता वाढली की ही एरवी कुत्र्याशीच निष्ठावंत असलेली गोचीड मानवाला चावण्यास अधिक प्रवृत्त होते. ४० अंशांपलीकडचे तापमान आपल्याला नवे नाही. यास्तव हा ज्वर केवळ पावसाळ्यानंतरचा असे न मानता कोणत्याही ऋतूत त्याची शंका घ्यावी.

संप्राप्ती

रिकेट्सिया रक्तात शिरून सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातील पेशींमध्ये वाढतात. तेथे शोथ होतो, वाहिनीची भिंत झिरपू लागते आणि रक्तातील जल व प्रथिने ऊतींमध्ये उतरतात. या एका घटनेतून सर्व लक्षणांची संगती लागते. त्वचेत रक्त झिरपले की ठिपके, पायांत जल उतरले की शोफ, रक्तातील अल्ब्युमिन व सोडियम घटणे, रक्तबिंबिका खर्ची पडणे, यकृतशोथ, आणि अखेरीस वाहिनी बंद पडली की बोटांचा वा कानाच्या पाळीचा कोथ.

आयुर्वेदीय दृष्टीने हा आगंतु ज्वर होय. बाह्य हेतू प्रथम, दोषप्रकोप नंतर. चरकोक्त आगंतु ज्वराच्या चार प्रकारांपैकी अभिषंगज ज्वरात विषजन्य ज्वराचा अंतर्भाव होतो आणि सुश्रुताच्या कल्पस्थानातील आठव्या, कीटकल्प अध्यायात दंशातून होणाऱ्या सार्वदैहिक विकारांचा विचार आहे. रक्तधातूची दुष्टी व पित्तप्राधान्य येथे स्पष्ट दिसते. तथापि, ग्रंथातील अमुक एक कीटक म्हणजेच ही गोचीड, असा हट्ट धरू नये. ग्रंथ आपल्याला विचाराची पद्धत देतो. जंतूचे नाव प्रयोगशाळा देते.

रूप

दंशानंतर सामान्यतः एका आठवड्याच्या सुमारास, क्वचित दोन आठवड्यांपर्यंत, अकस्मात तीव्र ज्वर येतो. सोबत शिरःशूल, अंगमर्द, छर्दी, उदरशूल व नेत्रांची स्रावविरहित लाली असते. ज्वराच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुरळ उठते. त्याचा आरंभ बहुधा घोटे व मनगटांपासून होतो. नंतर ते तळहात, तळपाय व धडाकडे पसरते. प्रथम ते गुलाबी व दाबल्यास फिके पडणारे असते, पुढे जांभळट होते व दाबूनही जात नाही. सावळ्या वर्णावर ते सहज नजरेस येत नाही. म्हणून रुग्णाला दिवसाच्या उजेडात तपासावे आणि तळहात व तळपाय पाहिल्यावाचून ज्वररुग्णाची तपासणी पूर्ण झाली असे समजू नये. दंशस्थानी काळी खपली आढळल्यास निदानास बळ मिळते, परंतु भारतीय गोचीड टायफसमध्ये ती पुष्कळदा नसते. बालकांत पायांवर सूज, यकृत व प्लीहेची वृद्धी आढळते.

सापेक्ष निदान

रोमांतिका : पुरळ चेहरा व कानामागून सुरू होऊन खाली उतरते. सर्दी, कास व नेत्रस्राव ठळक असतात.

डेंग्यू : अंगदुखी व रक्तबिंबिकांचा ऱ्हास दोहोंत समान. डेंग्यूत ज्वर साधारण आठवड्याच्या आत उतरतो. रिकेट्सिया ज्वर उपचाराविना चढताच राहतो.

आंत्रिक ज्वर : ज्वर पायरीपायरीने चढतो. पुरळ असलेच तर धडावर, अल्प व क्षणिक. केवळ विडाल चाचणीवर विसंबून पुरळ दुर्लक्षिणे धोक्याचे.

स्क्रब टायफस : हा ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जंतूचा रोग असून त्याची वाहक गोचीड नसून झुडुपांतील सूक्ष्म चिगर माइट होय. २०१८ मध्ये नागपूर व पूर्व विदर्भात त्याचा उद्रेक झाला होता. काळी खपली येथे अधिक प्रमाणात आढळते. ती काख, जांघ व कमरपट्ट्याखाली शोधावी. सुदैवाने औषध दोहोंचे एकच.

मस्तिष्कावरणशोथाचे जिवाणुजन्य पुरळ : काही तासांत वाढणारे जांभळे डाग व मान ताठरणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवावा.

गोचिडींशी निगडित विषाणुजन्य रोगही ध्यानात असावेत. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखलेला क्यासनूर जंगल रोग पुढे सिंधुदुर्गातही आढळला आणि क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ज्वराचे रुग्ण २०११ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत निष्पन्न झाले. या दोहोंवर जिवाणुनाशक औषधे चालत नाहीत. ज्वरासह रक्तस्राव असलेल्या रुग्णाला हाताळताना हातमोजे अनिवार्य समजावेत.

प्रयोगशालेय साहाय्य

वाइल-फेलिक्स ही जुनी व स्वस्त चाचणी. ठिपक्यांच्या ज्वरात ओएक्स-१९ व ओएक्स-२, तर स्क्रब टायफसमध्ये ओएक्स-के यांची वाढ दिसते. पण ही प्रतिद्रव्ये बहुधा दुसऱ्या आठवड्यात वाढतात. पहिल्या आठवड्यात चाचणी नकारार्थी आली म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. हीच मर्यादा आयजीएम एलायझा चाचणीलाही आहे. घटलेल्या रक्तबिंबिका, घटलेले सोडियम व अल्ब्युमिन, वाढलेले एसजीपीटी व सीआरपी यांचा समुच्चय मात्र लवकर मिळतो व कोणत्याही तालुक्याच्या गावी करता येतो. अकोल्याच्या गुणांकन पद्धतीचे मर्म हेच आहे : ग्रामीण वास, जनावरांचा संपर्क, तळहात-तळपायांवरील पुरळ व या साध्या चाचण्या एकत्र पाहाव्यात.

चिकित्सा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये रिकेट्सिया रोगांविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांचे सार असे की संशय बळावताच, चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता, डॉक्सिसायक्लीन सुरू करावे. ४५ किलोपेक्षा अधिक वजनाच्या रुग्णास दिवसाला २०० मिलिग्रॅम दोन भागांत विभागून, त्याहून कमी वजनाच्या बालकास दर किलोस दिवसाला ४.५ मिलिग्रॅम दोन भागांत. गर्भिणीमध्ये अॅझिथ्रोमायसिन दिले जाते. ‘लहान मुलांचे दात पिवळे होतात’ या भीतीने डॉक्सिसायक्लीन टाळले जाते, पण अल्पकालीन उपचारात ती भीती निराधार ठरली आहे. याउलट पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे तसेच जेंटामायसिन या जंतूंवर चालत नाहीत, आणि सल्फा औषधांनी रोग बळावू शकतो. पाचव्या दिवसानंतर योग्य औषध सुरू झाल्यास उपद्रव व मृत्यू यांचे प्रमाण वाढते.

आपल्यापैकी ज्यांना प्रचलित नियमांनुसार हे औषध देण्याचा अधिकार आहे त्यांनी ते विलंब न लावता द्यावे. ज्यांना नाही त्यांनी लेखी संशय नमूद करून रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवावा. ‘गोचीडजन्य ज्वराचा संशय, पुरळ चौथ्या दिवशी, घरी कुत्रा’ एवढी एक ओळ चिठ्ठीवर असली तर पुढच्या वैद्याचे दोन दिवस वाचतात. श्वासकष्ट, ग्लानी, आक्षेप, मूत्राल्पता, रक्तस्राव किंवा बोटे निळी-काळी पडणे यांपैकी एकही उपद्रव असल्यास धुळे वा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठण्यास सांगावे.

आयुर्वेदीय औषधांचे स्थान येथे सहायक आहे, हे स्पष्टपणे मांडणे मी कर्तव्य मानतो. गुडूची, मुस्ता, पर्पटक, उशीर यांचा षडंगोदकासारखा उपयोग, लघु आहार, पेया व विश्रांती यांनी रुग्णास बल मिळते आणि ज्वरोत्तर दौर्बल्यात आपली चिकित्सा विशेष गुणकारी ठरते. परंतु केवळ यावर विसंबून पाचवा दिवस ओलांडणे समर्थनीय नाही. आणखी दोन सूचना. वत्सनाभयुक्त उष्ण-तीक्ष्ण कल्प, उदाहरणार्थ त्रिभुवनकीर्ती, रक्तस्रावाची लक्षणे असलेल्या रुग्णात टाळावेत. तसेच प्रवाळ, शंख, मंडूर, लोह यांची भस्मे व दूध ही डॉक्सिसायक्लीनसोबत देऊ नयेत. कॅल्शियम व लोह यांच्याशी बद्ध होऊन त्या औषधाचे शोषण घटते. भस्मे ज्वरमुक्तीनंतर द्यावीत हे उत्तम. निदान दोन-तीन तासांचे अंतर तरी राखावे.

औषध विक्रेत्यांसाठी

ज्वराचा रुग्ण कित्येकदा वैद्याआधी दुकानाच्या फळीपाशी येतो. तिसऱ्या दिवशीही ज्वराची गोळी मागणाऱ्या ग्राहकाला ‘अंगावर पुरळ आहे का, घरी कुत्रा किंवा गुरे आहेत का’ एवढे दोन प्रश्न विचारावेत व होकार आल्यास वैद्याकडे पाठवावे. प्रतिजैविके चिठ्ठीविना देऊ नयेत. अर्धवट मात्रेने ज्वर दबतो व निदान हुकते. जनावरांच्या गोचिडींसाठी विकली जाणारी अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी द्रावणे लेकरांच्या डोक्याला ऊ-लिखांसाठी लावण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती विषबाधेला आमंत्रण देणारी आहे. ही द्रावणे देताना पाण्याचे प्रमाण, हातमोजे व मुलांपासून दूर ठेवणे याविषयी ग्राहकाला सांगावे.

प्रतिबंध

चरकाने विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींच्या चिकित्सेची तीन सूत्रे दिली आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानोक्त भावांचे वर्जन. त्यांचा संदर्भ निराळा असला तरी गोचीड-नियंत्रणाला ती क्रमशः लागू पडतात.

अपकर्षण म्हणजे हाताने वा यंत्राने काढून टाकणे. गोचीड त्वचेला चिकटलेली आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून, न पिळता, सरळ वर व स्थिर ओढावी. रॉकेल, गरम तेल, चुना किंवा जळती काडी लावू नये. डिवचलेली गोचीड अधिक लाळ सोडते. काढलेली गोचीड चिरडू नये, साबणाच्या पाण्यात वा स्पिरिटमध्ये बुडवावी, दंशस्थान व हात साबणाने धुवावेत. गोचीड दिसताच काढण्याचे महत्त्व असे की जंतू शरीरात उतरण्यास ती काही तास चिकटून राहणे सामान्यतः आवश्यक असते. पुढील दोन आठवडे ज्वरावर लक्ष ठेवावे.

प्रकृतिविघात म्हणजे तिच्या वाढीस अनुकूल स्थिती मोडणे. गोठ्याच्या व ओट्याच्या भेगा बुजविणे, कुत्र्याच्या बसण्याची जागा उन्हात मोकळी करणे, अडगळ व गवत हटविणे. कुत्र्यावर व गुरांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधोपचार करताना त्याच वेळी जागेवरही उपचार व्हावा. अन्यथा भिंतीतील गोचिडी पुन्हा चढतात.

निदानवर्जन म्हणजे संपर्क टाळणे. मुलांना कुत्र्यासोबत एका अंथरुणावर न झोपविणे, गोठ्यात जमिनीवर न निजता बाजेवर निजणे, शेतातून वा रानातून आल्यावर कपडे बदलून स्नान करणे आणि काख, जांघ, कानामागची जागा व केसांची मुळे पाहणे. कुत्र्याला हाकलणे किंवा मारणे हा उपाय नव्हे. आश्रय गेला की भुकेली गोचीड माणसाकडेच वळते.

उपसंहार

एकाच वस्तीतील दोन-तीन रुग्णांत ज्वर व पुरळ आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे, म्हणजे जिल्हा सर्वेक्षण कक्षापर्यंत ती नोंद पोहोचते. नोंद नसलेला रोग शासनदरबारी अस्तित्वातच नसतो आणि मग त्याच्या चाचणीची सोयही होत नाही. खानदेशातील वाड्या-वस्त्यांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी ज्वररुग्णाची पहिली नाडी बहुधा आपल्यापैकीच कोणी वैद्य पाहतो. त्या पहिल्या भेटीत तीन गोष्टी चुकू नयेत : जनावरांच्या संपर्काचा प्रश्न, तळहात-तळपायांची पाहणी आणि ज्वराच्या दिवसांची मोजणी. एवढे केल्यास पाचव्या दिवसाच्या आत रुग्णाला योग्य औषध मिळवून देणे आपल्या हाती आहे.